मोटारीतला वास

तलवाड्याच्या मोहनराव देशमुखांनी हैदराबादहून मोटार आणली तेव्हा तलवाड्याला रस्ता नव्हता. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्यामधे गवत होतं. रस्ता व्हायच्या आधी मोटार आणणारा माणूस कसा असेल, हे वेगळं सांगायला नको. मोहनराव मनानं वाईट नव्हते. हौस मात्र दांडगी होती, आणि त्या हौसेपायी आजूबाजूच्या माणसांची दमछाक व्हायची.

मोटारीबरोबर हैदराबादचा एक ड्रायव्हर आला होता. त्याला गावात ना चहा मिळे, ना कुणी धड उर्दूत बोलायला. पावसाळ्यातला चिखल बघून त्यानं हाय खाल्ली आणि दसऱ्याच्या आत आपलं बिऱ्हाड उचललं. पण तोवर त्यानं एक काम करून ठेवलं होतं. मोटार पुसायला, पाणी घालायला आणि हँडल मारायला म्हणून दिलेल्या धुळाजीला त्यानं मोटार चालवायला शिकवली होती. त्यामागे काही दानत नव्हती. दुपारी स्वतःला झोपता यावं एवढाच हेतू होता.

धुळाजी धनगराचा. त्याची माणसं बालाघाटाच्या डोंगरात, पाटोद्याकडची. खरिपाची रानं मोकळी झाली की मेंढरं घेऊन ती घाट उतरत आणि गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, येत. खतासाठी रानोरान मेंढरं बसवत, आणि ऊन तापलं की परत वर जात. बाप लहानपणीच गेलेला. बायको पटकीच्या साथीत गेली, लेकरू झालंच नव्हतं. मागे उरली होती एक आई, सारजाबाई. ती आपल्या भावाच्या, हरिबाच्या मेंढरांबरोबर फिरायची. धुळाजी देशमुखांच्या शेतावर मेंढरं बसवायला आला आणि हरकाम्या म्हणून तिथंच राहिला. अशा माणसाच्या हातात मोटार आली.

हातात मोटार येणं म्हणजे काय, हे आज सांगून पटायचं नाही. ज्या बांधावरून लोकांनी त्याची मेंढरं दगड मारून हाकलली होती, त्याच बांधावर आता लोक मोटार बघायला उभे राहत. धुळ्या म्हणणारे धुळाजी म्हणायला लागले. मोहनरावांसारखा माणूस मागं बसे आणि हा पुढं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या पाठीमागून चाललं होतं. हे सुख त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण सकाळी मोटार पुसताना तो गुणगुणायचा ते सगळा वाडा ऐकायचा.

दिवाळीनंतर मेंढरं खाली उतरली आणि गावाच्या शिवेजवळ हरिबाचा मेंढवाडा पडला. एकदा मालकांना गेवराईला सोडून रिकामी मोटार घेऊन येताना धुळाजीनं वाट वाकडी करून ती आईला दाखवायला नेली. मेंढरं बिथरली, कुत्री पार गळा फाटेस्तोवर भुंकली. सारजाबाई मात्र पुढं आली आणि तिनं मोटारीच्या नाकाडावरून हात फिरवला. “तापलंय की रं हे,” ती म्हणाली. धुळाजी हसला, डबा घेऊन विहिरीवर मोटारीसाठी पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा म्हातारी मोटारीभोवती फिरून पदराला हात पुसत होती. त्यानं मोटारीला पाणी पाजलं आणि तो निघाला.

त्यानंतर आठवडाभरात मोटारीत वास यायला लागला.

“धुळ्या, कसला वास येतोय बे हा?” मोहनरावांनी एका सकाळी पाय आत टाकताच विचारलं.

धुळाजीनं नाक वर करून हुंगलं. पेट्रोलचा येत होता, कातड्याच्या गादीचा येत होता, तेलाचा येत होता. वेगळं असं त्याला काही लागेना. “पेट्रोलचा आसंल मालक.”

“पेट्रोल मला कळत नाही का? हे काहीतरी कुजकं, तेलकट, आंबूस. बघ जरा.”

मग शोध सुरू झाला. वाड्यातला जो तो शहाणा झाला. कुणी म्हणे उंदीर मेला, कुणी म्हणे पाल शिजली. धुळाजीनं बोनट उघडून नळ्यांमधनं हात घातला, चाकांच्या वरची जागा काडीनं खरवडली, मागच्या गादीखालची फळी काढली. तिथं एक काळं पडलेलं सीताफळ सापडलं. पाहुण्यांच्या पोरांनी कधीतरी लपवलेलं असणार. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. धुळाजीनं तर ते सीताफळ दूर खड्ड्यात पुरलं आणि मोटार दिवसभर उन्हात दारं उघडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वास होता तसाच होता. उलट उन्हानं वाढला.

मोहनरावांच्या पत्नी सरस्वतीबाई पाटोद्याला माहेरी निघाल्या, त्या घाट चढायच्या आत पदर नाकाला लावून बसल्या आणि वर पोचताच मोटार थांबवून रस्त्याकडेला ओकल्या. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “उंदीर नाही नि पाल नाही. वास पुढच्या गादीकडनं येतो. जो पुढं बसतो त्याचा आहे तो. मेंढरांचा वास आहे, माझ्या नाकाला कळतो.”

त्यांचं नाक खोटं बोलत नव्हतं. वास पुढूनच येत होता आणि मेंढरांचाच होता. म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

मोहनरावांनी धुळाजीला ओसरीवर बोलावलं. बोलताना ते त्याच्याकडे न बघता समोरच्या कडुनिंबाकडे बघत होते. माणसाला माणसाच्या अंगाचा वास येतो असं तोंडावर सांगणं त्यांना जड जात होतं, पण एवढं जड जाऊनही त्यांनी ते सांगितलंच. “तू आईकडं जातोस. तिथं बसतोस, घोंगडीवर लोळतोस. राग मानू नको. पण पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे अव्वल तालुकदार साहेब दौऱ्यावर येणार. त्यांना बीडहून आपल्या मोटारीत आणायचं ठरलंय. साहेबानं नाकाला रुमाल लावला तर माझी काय शोभा राहील? तोवर वास गेला पाहिजे. नाही गेला तर बीडचा ड्रायव्हर बोलावतो. तू शेतावर काम कर, तुला काढत नाही मी.”

काढत नाही, हे त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. पण धुळाजीच्या लेखी शेतावर म्हणजे परत त्याच बांधावर, आणि मोटार समोरून जाणार, तिच्यात पुढं दुसराच कुणी बसलेला.

आणि गंमत बघा, त्याला तो वास येतच नव्हता. त्या रात्री तो आपल्या हाताचा, कोपराचा, सदऱ्याचा वास घेत राहिला. काहीच वेगळं लागलं नाही. जन्मल्यापासून ज्या वासात वाढला तो माणसाला वास म्हणून कळत नाही. आपल्याला न कळणारं काहीतरी आपल्या अंगाला आहे आणि ते सगळ्या जगाला कळतं, ही लाज फार वाईट. तीत माणूस स्वतःचाच वैरी होतो.

धुळाजी रिठ्यानं आंघोळ करायला लागला, दोनदोनदा. कातडी सोलवटली. घोंगडी त्यानं गड्याला देऊन टाकली आणि थंडीत पोत्याखाली कुडकुडत झोपला. बीडच्या बाजारातून हिन्याचं अत्तर आणून कानात फाया घातला. मोहनराव म्हणाले, “आता दोन वास येतात.” वाड्यातली माणसं हसली. तोही हसला, काय करणार.

मेंढवाड्याकडे जाणं त्यानं बंद केलं.

लेक का येत नाही म्हणून सारजाबाईच एक दिवस वाड्याच्या फाटकाशी आली. डोक्यावर भाकरीचं गठुडं, खांद्यावर घोंगडी. धुळाजी मोटार पुसत होता. तिला बघितल्याबरोबर तो धावत पुढं गेला आणि दोन्ही हात आडवे केले.

“तितंच थांब, माय. म्होरं येऊ नगंस.”

“कावून रं? काय झालं?”

“वास येतोय तुज्या अंगाचा. मेंढरांचा. मोटारीला लागतोय. माजी चाकरी जायची येळ आलीया.”

सारजाबाईनं गठुडं फाटकाच्या दगडावर ठेवलं, ती दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, “भाकर खा. ती धुतल्याल्या हातानं केलीया.” मग ती गेली. भाकरी धुळाजीनं खाल्ली, पण मोटारीपासून लांब, गुरांच्या कोठ्याच्या मागं जाऊन.

काही दिवसांनी ती परत आली. या खेपेला घोंगडी नव्हती. पौषाच्या थंडीत तिनं गंगेत डोक्यावरून आंघोळ केली होती, केस शिकेकाईनं धुतले होते, लुगडं दगडावर आपटून आपटून इतकं धुतलं होतं की त्याचा रंग गेला होता. अंगावरच वाळवत ती चालत आली होती आणि दात वाजत होते. फाटकाबाहेर उभी राहून तिनं विचारलं, “आता बघ बरं, येतोय का?”

धुळाजीला तर आधीही येत नव्हता. तो काय बघणार? पण वाड्याच्या खिडकीत सरस्वतीबाई उभ्या होत्या. त्यानं मान खाली घातली आणि तो म्हणाला, “तरीबी नगं, माय. साहेब यिऊन जाऊ दे. मंग यितो मीच.” एवढं बोलून तो आत वळला. म्हातारी थंडीत कुडकुडत परत गेली. त्याला तिच्याकडे बघवलं नाही, हे खरं. पण त्यानं तिला आत घेतलंही नाही, हेही खरंच.

तालुकदार साहेबांचा दौरा दोन दिवसांवर आला. वास तसाच. बीडच्या ड्रायव्हरला निरोप गेला. मोहनराव धुळाजीशी बोलायचं टाळायला लागले.

त्या सकाळी धुळाजी मोटार पुसायला गेला. ओला फडका घेऊन पुढच्या गादीवर वाकला आणि एकदम मागं सरला. वास आला. भपकन आला, नाकात बसला. कुजका, तेलकट, आंबूस, मालक म्हणाले तसा. महिना सव्वा महिना तो मेंढरांपासून लांब होता. रिठ्यानं आणि अत्तरानं घासून घासून त्याचं नाक शेवटी वाड्यातल्या माणसांसारखं झालं होतं. पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. वास आपल्या अंगाचा नाही, गादीत आहे! आनंद ओसरल्यावर मात्र त्याला कसंसंच झालं. ज्या वासात तो आईच्या कुशीत झोपला होता, त्याच वासानं त्याला आज ओकारी आली होती.

त्यानं गादी ओढून काढली. बसायची गादी आणि पाठीची गादी यांच्यामधल्या फटीशी कातड्याची शिवण काळी पडली होती. चाकूनं टाके उसवले. आत घोड्याचे केस आणि काथ्या भरलेला होता आणि त्यात पिवळट, चिकट, मेणासारखे गोळे झाले होते. त्यानं एक गोळा बोटांत चुरडला. बोटांना ओळख पटली. व्यालेल्या मेंढीच्या पहिल्या दुधाचा, चिकाचा, तो थर होता. फटीतून आत मुरून तो उन्हानं शिजला होता, आंबला होता, सडला होता.

नवं जनावर आणलं, मग ते घोडं असो की कुत्रं, की आपल्या मेंढराचा चीक त्याच्या पाठीवर ओतायचा, ही त्यांच्या घरची रीत. त्यानं लहानपणी कितीदा बघितली होती. मोटारीच्या पाठीवर चीक कुणी ओतला असेल हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. तो तिथंच मोटारीच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मालकांना त्यानं खोटं सांगितलं. मेंढवाड्यावरून येताना गाडग्यात चीक आणला होता, तो माझ्याच हातनं सांडला, म्हणाला. आईचं नाव त्यानं घेतलं नाही. मोहनराव नाक धरून गादीकडे बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. “अरे, मग तुझा वास नव्हताच की रे! उगीच तुला दोष दिला.” एवढंच. उगीच. नवा काथ्या भरला, शिवण घातली, बीडच्या ड्रायव्हरला नको म्हणून निरोप गेला. तालुकदार साहेब धुळाजीच्याच मोटारीतून आले, वाटेत त्यांना झोप लागली, आणि रुमाल खिशातच राहिला.

साहेबांना पोचवून आल्या दिवशीच धुळाजी मेंढवाड्यावर गेला. मोटार मागून घेतली होती. सारजाबाई एका कोकराला मांडीवर घेऊन पाजत होती.

“माय, मोटारीत चीक वतलता का तू?”

“वतलता की.” तिनं सहज सांगितलं. “त्या रोजच येक मेंढी व्यालती. पाठ हुडकीत व्हते त्या मोटारीची. मंग म्हनलं, माणूस बसतंय तीच पाठ. तिथल्या फटीत वतलं, वरचं पुसून घेतलं.”

“कावून पर?”

“कावून मंजी? देशमुखाच्या बायकूनं नारळ फोडला, हळद लावली, ते मालकाचं झालं. राखनाराचं कुनी केलं? जनावराला राखनाराची वळख पटाया नगं? न्हाई तं येतंय कवातरी जिवावर. बीडच्या वाटंला मोटार उलटून मानूस मेलं म्हनं. माजं तूच येक हायस.”

धुळाजीनं तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. घाईघाईनं, आनंदानं सांगितलं. “त्योच वास यित व्हता, माय. चीक सडला व्हता गादीत. तुज्या अंगाचा न्हवताच त्यो. मी उगाच बोललो तुला.” त्याला वाटलं, हे ऐकून तिच्या मनावरचा दगड उतरेल. वेडा कुठला.

सारजाबाईचा हात कोकराच्या पाठीवर थांबला. “मंजी तुजी चाकरी माज्यापायी जात व्हती?”

“न्हाई गेली, माय.”

“जात व्हती पर.” तिनं कोकराला मांडीवरून खाली सोडलं. “मला काय कळतंय लेकरा, मोटारीचं. मी रानातली.”

“चल, मोटारीत बस. गावापस्तोर फिरवून आनतो तुला.”

“नगं रं बाबा,” ती पटकन म्हणाली आणि बसल्या जागी मागं सरकली. “आता कुटं साफ झालीया.”

त्यानं खूप आर्जवं केली. माफी मागायला त्यांच्या बोलीत शब्द नव्हता. असता तरी तो पुरला असता की नाही कोण जाणे. ती रुसली नव्हती, रागावलीही नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाची समजूत काढता येते.

धुळाजीनं पुढं बरीच वर्षं मोटार चालवली. देशमुखांची ती मोटार गेली, दुसरी आली. मग बीडच्या वाटेवर भाड्याच्या मोटारी धावायला लागल्या, त्यातली एक त्याच्याकडे आली. लोक त्याला नावाजायचे. मोटारीला त्यानं कधी कुणाला धडकू दिलं नाही, आणि ती कधी त्याच्या जिवावर आली नाही. दर हिवाळ्यात मेंढरं घाट उतरली की तो आईला भेटायला जायचा.

ती त्याला बघून हरखायची, भाकरी थापायची, वाळलेली बोरं जपून ठेवलेली असायची ती द्यायची. पण जवळ बसायची नाही. तो इथं बसला तर ती तिथं. पहिल्यांदा त्याला ते योगायोगाचं वाटलं. मग लक्षात आलं. रानात आयुष्य काढलेल्या बाईला वारं कुठून येतं हे कळायला बोट ओलं करावं लागत नाही. लांडगा कुठल्या अंगानं येईल ते तिला वाऱ्यावरनंच कळायचं. तर ती दर वेळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायची. वारं त्याच्याकडून तिच्याकडे जाईल असं. तिच्यावरून त्याच्याकडे येईल असं कधीच नाही. तो उठून जवळ गेला की तिला एकदम कोकराची आठवण व्हायची, चुलीची आठवण व्हायची.

शेवटच्या हिवाळ्यात तिला नीट उठताही येत नव्हतं. गुडघे गेले होते, नजर गेली होती. हरिबाच्या सुनेनं तिला बाभळीखाली बसवलं होतं. धुळाजी आला, थोडा लांब बसला. आता तोही जवळ जायचा हट्ट करत नसे. गोष्टी चालल्या होत्या. मधेच बाभळीची पानं हलली आणि वारं फिरलं, तिच्यावरून त्याच्याकडे यायला लागलं.

“बस की, माय,” ती उठायला लागली तसा तो म्हणाला. “काय बी वास यित न्हाई.”

“आले, आले,” ती म्हणाली. जमिनीला हात टेकत, कण्हत ती उठली, चाचपडत त्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, आणि तिथं बसून तिनं विचारलं, “जेवलास का रं?”